सातवी आवृत्ती

ग्युमरीत जानेवारीत सोल्डरचा धूर
सरळ वर जात नाही.
खिडकीकडे झुकतो, काचेला टेकतो, तिथेच विरतो.
वाझगेन म्हणतो, थंडीची ओढ असते धुराला.
मी म्हणते, फट आहे. कापूस भर.

आम्ही एक पेटी बनवतोय.
ज्या पोरानं स्क्रूड्रायव्हर
आजवर फक्त बापाच्या खिशात पाहिलाय, त्याच्यासाठी.

पहिल्या वेळी सगळं सुटं दिलं होतं.
एकशे बारा वस्तू, काही तांदळाच्या कणीएवढ्या.
संध्याकाळपर्यंत रेझिस्टर बर्फात,
तारा मांजराच्या गळ्यात,
आणि एका आईची चिठ्ठी :
"मणी पोचले. दोरा कुठाय?"

मग ठरलं, जोडूनच द्यायचं.
एका हिरव्या पाटीवर मधोमध चिप,
तिच्या उशाला ऊब मोजणारा काळा थेंब,
पायथ्याला उजेड ओळखणारा डोळा,
बटण, भोंगा, ओळीनं आठ दिवे.
प्रत्येकाखाली नाव, आमच्या लिपीत.
ती गळासारखी वळलेली अक्षरं
एका मिलिमीटरमध्ये बसवताना
वाझगेनच्या डोळ्यांत पाणी आलं,
आणि ते भाषेच्या प्रेमानं नव्हे.

बॅटरी उलटी घातली तरी जळू नये म्हणून डायोड.
बोट कापू नये म्हणून कडा घासलेल्या.
भोंगा हलका घेतला, नव्वद द्राम वाचले,
तेवढ्यात पेटीला झाकण आलं.
सहाव्या आवृत्तीत चुकायला
कुठे जागाच उरली नाही.
आम्ही दोघांनी त्या रात्री जर्दाळूची दारू उघडली.

झाबेल नऊ वर्षांची, खालच्या मजल्यावरची.
तिनं बटण दाबलं.
दिवे लागले, एकामागून एक, आठही.
भोंगा वाजला. थेंबावर फुंकर मारली, आकडा वाढला.
सातव्या मिनिटाला तिनं झाकण लावलं,
पाहुण्याघरचं ताट सरकवावं तसं, अदबीनं.
"छान आहे," म्हणाली,
"पण हे तर तुमचं करून झालंय."

आयत्या पिठावर ओढायला
आम्ही रेघासुद्धा छापून दिल्या होत्या.

त्यावर आठवडाभर भांडलो.
तो म्हणे, पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी लागलं पाहिजे,
नाहीतर पोर पुन्हा हात लावत नाही.
खरं होतं.
मला आई आठवत होती, दिव्यांच्या कारखान्यातली तपासनीस.
शंभरातला एक दिवा ती मुद्दाम फोडायची.
मी विचारलं होतं, का?
हातमोजे न काढता म्हणाली,
"बाकीचे नव्व्याण्णव मग काय पाहून पाठवू?"

सातव्या आवृत्तीत मी एक रेघ खोडली.
चिपपासून आठव्या दिव्यापर्यंतची,
मधलं बोटभर तांबं.
दोन्ही टोकांना एकेक भोक,
आणि पेटीच्या तळाशी, पुडीत, एक पिवळी तार.
पुस्तिकेत त्याबद्दल अवाक्षर नाही.

सात दिवे लागले.
"हा बिघडलाय."
वाझगेननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.
तिनं पाटी उलटी केली, ठोकली, फुंकली.
मग नखानं ती हिरव्याखालची रेघ धरली
आणि चालत गेली, चालत गेली,
रस्ता संपला तिथे नख थांबलं.
बराच वेळ काही नाही.
मग पुडी.
मग तार, पण भलत्याच भोकात :
भोंगा असा बोंबलला की जिन्यातलं मांजर
दोन मजले खाली गेलं.
झाबेल हसली, दचकली, परत हसली.
पुन्हा तिथेच घातली, मुद्दाम.

आठवा दिवा अजून विझलेलाच होता
तेव्हा खालून तिला जेवायला हाक आली.
"नेऊ?" तिनं विचारलं,
आणि उत्तराआधीच पेटी काखेत.

जिन्यात पावलं. मधेच थांबली.
वाझगेन उठला, "सांगून येऊ का,
डावीकडचं दुसरं भोक?"

बस खाली, म्हटलं.
आणि ते दार लाव,
किती गार येतंय.